सुकाणूचे ओझे : पॉवर स्टिअरिंग काढून टाकल्याने गाडी 'जुनी' होते का?

खारघरमधील एखाद्या जुन्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात, पाण्याच्या टाकीशेजारी, धुळकट आच्छादनाखाली झाकलेली एक गाडी बहुधा असतेच. तिचा क्रमांक एमएच ०६ ने सुरू होतो. पनवेलला एमएच ४६ हा स्वतंत्र संकेतांक मिळण्यापूर्वी या भागातील वाहनांची नोंद रायगड जिल्ह्याच्या मालिकेत, म्हणजे पेणला होत असे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला नाण्यावरील टांकसाळीची खूण जे सांगते, तेच येथे हे दोन अंक सांगतात. गाडीच्या वयाचा दुसरा पुरावा मात्र जमिनीवर असतो : पुढच्या चाकांमागे, स्टिअरिंगच्या रॅकमधून झिरपलेल्या तेलाचा काळा डाग.

अशी गाडी गॅरेजमध्ये गेली की मिस्त्री सहसा तीन मार्ग सांगतो. रॅक उघडून नवी सीले बसवावीत. जुन्या बाजारातून दुसरा रॅक आणावा. किंवा पंप, पट्टा आणि पाइप काढून टाकून 'साधे स्टिअरिंग' करून घ्यावे. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त, आणि त्याच्या समर्थनार्थ एक वाक्य हमखास येते : 'पूर्वीच्या गाड्यांना कुठे होते पॉवर स्टिअरिंग?'

हे वाक्य गॅरेजमध्ये उच्चारले जात असले तरी ते मुळात इतिहासाविषयीचे विधान आहे. आधी साधे होते, मग त्यावर पॉवर चढवले. म्हणून पॉवर उतरवले की खाली पुन्हा साधेच उरेल, असे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक कितपत खरे आहे, याचा शोध या धाग्यात घ्यायचा आहे. त्यासाठी आधी बोरघाटात जावे लागेल.

इ.स. १८०४ च्या सुमारास आर्थर वेलस्ली याने तोफा वर चढवण्यासाठी बोरघाटात वाट तयार करून घेतली. १८३० च्या नोव्हेंबरात मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत चाकांच्या वाहनांसाठी बांधलेला रस्ता खुला झाला. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या बैलगाडीला सुकाणू नव्हते, कारण तिला त्याची गरजच नव्हती. दोन चाके, एक आस, पुढे दांडी आणि जू. बैल वळले की गाडी वळली. वळवण्याचे सारे बळ जनावराच्या मानेतून येई, गाडीवानाच्या हाती फक्त इशारा असे. पॉवर स्टिअरिंगचा मूळ विचार नेमका हाच आहे : दिशा माणसाने सांगावी, जोर दुसऱ्याने लावावा.

चार चाकांच्या बग्गीत प्रश्न वेगळा होता. पुढची संपूर्ण आस मधल्या खिळ्याभोवती फिरवली की वळणावर गाडी कलंडण्याचा धोका असे. म्युनिकच्या गेऑर्ग लांकेनस्पर्गर या बग्गी बनवणाऱ्याने आस स्थिर ठेवून दोन्ही चाके स्वतंत्र वळवण्याची युक्ती काढली आणि १८१८ मध्ये लंडनमधील प्रकाशक रुडॉल्फ आकरमान याने तिचे इंग्लंडमधील पेटंट घेतले. वळणाच्या आतले चाक बाहेरच्यापेक्षा थोडे अधिक वळावे, ही ती भूमिती. आजही तिला आकरमानचेच नाव आहे. शोध एकाचा आणि कीर्ती पेटंट घेणाऱ्याची, हा प्रकार तंत्रज्ञानाच्या इतिहासात नवा नाही.

मग घोडा गेला आणि इंजिन आले. इंजिनाने ओढण्याचे काम अंगावर घेतले, वळवण्याचे नाही. घोड्याच्या मानेचे ते काम अचानक माणसाच्या खांद्यावर येऊन पडले. आरंभीच्या मोटारींना नावेच्या सुकाणूसारखा दांडा असे. १८९४ च्या पॅरिस–रुआँ शर्यतीत आल्फ्रेड व्हाशरों याने आपल्या पानार गाडीला दांड्याऐवजी गोल चाक बसवले आणि पुढे तेच रूढ झाले. दांड्याला हाताच्या पल्ल्याची मर्यादा असते. चाक मात्र तीन-चार वेळा पूर्ण फिरवता येते. या फरकातच साध्या स्टिअरिंगचे सारे शास्त्र साठवलेले आहे.

थोडे गणित येथे अपरिहार्य आहे. गाडीची पुढची चाके एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ७० अंश वळतात असे धरू. हातातले चाक २० अंश फिरल्यावर रस्त्यावरचे चाक १ अंश वळत असेल, तर टोकापासून टोकापर्यंत हातचे चाक १४०० अंश, म्हणजे जवळजवळ चार वेढे फिरवावे लागेल. हेच प्रमाण १५ ला १ केले तर १०५० अंश, म्हणजे तीनपेक्षा किंचित कमी वेढे पुरतात. तीन वेढे सोयीचे खरे. पण वेढे कमी झाले की त्याच हिशेबाने जोर वाढतो. २० वरून १५ वर आलेल्या चाकाला, बाकी सर्व तेच असले, तर एकतृतीयांश अधिक जोर लागतो. साध्या स्टिअरिंगच्या अभियंत्याने वेढे खर्च करून जोर वाचवला. पॉवर स्टिअरिंगच्या अभियंत्याजवळ जोर आयताच होता, म्हणून त्याने वेढे वाचवले. खारघरच्या त्या गाडीतून पंप काढला जातो तेव्हा हा हिशेब बदलत नाही. रॅक तोच राहतो, दाते तेच राहतात, प्रमाण तेच राहते.

पॉवर स्टिअरिंग आले कुठून, हेही पाहिले पाहिजे. फ्रान्सिस डेव्हिस हा अमेरिकेतील पिअर्स-ॲरो या कंपनीच्या ट्रक विभागातील अभियंता. अवजड ट्रकांचे चालक कसे झगडतात, हे त्याने जवळून पाहिले होते. नोकरी सोडून मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम येथे त्याने लहानसे कार्यशाळेवजा दुकान घेतले आणि तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा बनवली. १९२६ मध्ये ती बसवलेली गाडी त्याने मोटार कंपन्यांना दाखवली. जनरल मोटर्सने त्याच्याशी करारही केला. पुढे महामंदीच्या काळात खर्चाचे कारण देऊन तो प्रकल्प बाजूला ठेवला. दुसऱ्या महायुद्धात चिलखती गाड्यांना या यंत्रणेचा उपयोग झाला. अखेर १९५१ मध्ये क्रायस्लर कंपनीने आपल्या इम्पिरियल या मोटारीत 'हायड्रागाइड' नावाने पॉवर स्टिअरिंग आणले. विक्रीसाठी बनलेल्या मोटारीत ते प्रथमच आले होते. डेव्हिसच्या काही मूळ पेटंटांची मुदत तोवर संपली होती.

क्रायस्लर हे नाव मुंबईला परके नव्हते. मुंबईत मोटारी जोडण्याचे काम जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला सुरू केले होते. पण जोडणे निराळे आणि घडवणे निराळे. मुंबईत खरा मोटार कारखाना निघावा यासाठी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात योजना मांडली आणि वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली. युद्धकाळातील ब्रिटिश सरकारने हात आखडता घेतला. वालचंदांनी क्रायस्लरशी बोलणी करून १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि स्वातंत्र्याच्या वर्षी कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लर समूहाच्या मोटारी व ट्रक बाहेर पडू लागले : डॉज, डी सोटो, प्लायमथ, फार्गो.

म्हणजे ज्या कंपनीने जगातली पहिली पॉवर स्टिअरिंगची मोटार बाजारात आणली, तिचाच भागीदार कुर्ल्यात बसला होता. तरीही भारतीय मोटारींच्या पुढच्या चार दशकांच्या इतिहासात पॉवर स्टिअरिंग जवळपास दिसत नाही. याला मागासलेपण म्हणण्याची घाई काही लेखक करतात. ती टाळलेली बरी. पन्नासच्या दशकाच्या आरंभी प्रीमियरने इटलीच्या फियाटशी करार केला आणि अमेरिकन आकाराच्या मोटारींची जागा हळूहळू लहान फियाट ११०० ने घेतली. परकीय चलन जपायचे होते, पेट्रोल जपायचे होते, आणि जास्तीत जास्त भाग देशातच बनावेत हे सरकारचे धोरण होते. क्रायस्लरच्या इम्पिरियलचे पुढचे टोक अवजड आठ सिलिंडरी इंजिनाने दबलेले होते. तेथे तेलाचा दाब हवाच होता. फियाटच्या पुढच्या भागात १०८९ घनसेंटिमीटरचे लहान इंजिन. तेथे सुकाणूला पंप जोडणे म्हणजे चहाच्या कपाला ओगराळे लावणे.

हीच फियाट सत्तरच्या दशकात आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती मुंबईची ओळख बनली, ती २९ ऑक्टोबर २०२३ पर्यंत. वयोमर्यादेमुळे त्या दिवसानंतर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीलाही रस्ता बंद झाला. पद्मिनीचे साधे स्टिअरिंग समजून घेणे आवश्यक आहे, कारण 'पूर्वीच्या गाड्या' म्हणताना गॅरेजमधील मिस्त्रीच्या डोळ्यांपुढे बहुधा तीच असते.

पद्मिनीचे वजन सुमारे नऊशे किलो. टायर अरुंद, रस्त्याला टेकणारा रबराचा पट्टा अरुंद, त्यामुळे उभ्या गाडीचे चाक वळवताना होणारे घर्षणही कमी. हातातले चाक मोठे आणि कडेला बारीक. मोठ्या चाकाचा परीघ लांब, म्हणून तरफेचा लाभ अधिक. स्टिअरिंगच्या पेटीत वर्म, म्हणजे स्क्रूसारखा पेच, आणि त्यावर चालणारा दाता. हा पेच वेढे खातो, पण जोर वाचवतो. शिवाय खड्ड्यातला धक्का उलट हातापर्यंत पोहोचण्याआधी बराचसा पचवतो. चाकांचा मागे झुकलेला कोन, ज्याला अलाइनमेंटवाले कास्टर म्हणतात, तोही साध्या स्टिअरिंगच्या गाड्यांत माफक ठेवत. कास्टर वाढवला की गाडी वेगात सरळ धावते आणि वळणानंतर चाक आपोआप सरळ होते, पण वळवायला जड जाते. या पाच-सहा गोष्टींपैकी प्रत्येक गोष्ट एकमेकींशी आणि चालकाच्या दंडाशी तडजोड करून ठरवलेली होती. पद्मिनीत पॉवर स्टिअरिंग 'नव्हते' असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. तिच्यात दुसरेच काहीतरी होते, आणि ते समोरच्या टायरपासून सीटच्या उंचीपर्यंत पसरलेले होते.

त्या काळच्या चालकांचे शहाणपणही या यंत्रणेचाच भाग होते. उभ्या गाडीचे चाक मुरगळायचे नाही. गाडी तसूभर तरी हलू द्यायची आणि मग वळवायचे, हा वाहन शिकवणाऱ्यांचा जुना दंडक. टायर फिरत असला की रस्त्यावर घासण्याऐवजी लोळत वळतो आणि लागणारा जोर झपाट्याने उतरतो. पॉवर स्टिअरिंगवर शिकलेल्या पिढीला हा दंडक कोणी शिकवला नाही, कारण त्याची गरजच उरली नव्हती. यंत्र बदलले की हातांच्या सवयीही नाहीशा होतात आणि त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात राहत नाही.

येथवर चित्र काहीसे रम्य झाले आहे. ते पुसायला हवे. मोटारीत जे जमले ते ट्रक आणि बसमध्ये जमले नाही. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली, ती बेडफर्डची होती. त्यानंतरची कित्येक दशके एसटीच्या चालकाने पाऊण खोलीएवढ्या लांबीच्या मांडवाखाली, पुढच्या आसेवरचे टनावारी वजन आपल्या दोन हातांनी वळवले. बसचे चाक अर्ध्या मीटरच्या आसपास रुंद, जवळजवळ आडवे बसवलेले. चालक ते ओढताना सीटवरून किंचित उठून अंगाचा भार टाकतो, हे दृश्य जुन्या प्रवाशांच्या स्मरणात आहे. वेढ्यांचे प्रमाण इतके मोठे की घाटातल्या एका तीव्र वळणावर चाक भराभर गुंडाळायचे आणि वळण संपताच तितक्याच वेगाने सोडायचे.

बोरघाटात शिंगरोबाच्या देवळापाशी वाहनचालक नाणे टाकतात. रेल्वेला घाटातील वाट दाखवणाऱ्या धनगराची ती आख्यायिका सर्वश्रुत आहे. देवळापाशी थांबणाऱ्या चालकाची श्रद्धा आपल्या जागी. पण त्या चढावर, अवजड ट्रक पहिल्या गिअरमध्ये रांगत असताना, साध्या स्टिअरिंगवर वळण घेणाऱ्या माणसाला तेथे क्षणभर टेकावेसे वाटले तर त्यात नवल नाही.

खारघरच्या दारातून जाणारा शीव–पनवेल रस्ता मात्र तुलनेने नवा. सत्तरच्या दशकाच्या आरंभी वाशीचा खाडीपूल झाला नव्हता तोवर मुंबईहून पुण्याकडे जाणारी अवजड वाहतूक ठाणे, मुंब्रा, शीळफाटा असा वळसा घेऊन कळंबोलीकडे उतरत असे. पुलानंतर खाडी ओलांडून वाहने थेट खारघरच्या डोंगरापुढून जाऊ लागली. पुढे शेजारीच कळंबोलीचा लोखंडबाजार उभा राहिला आणि पोलादाच्या कॉइल वाहणारे ट्रेलर या रस्त्यावरचे नित्याचे दृश्य झाले. याच काळात भारतीय अवजड वाहनांत पॉवर स्टिअरिंगचा प्रवेश होत होता. अशोक लेलँडने साठच्या दशकाच्या अखेरीस ते व्यावसायिक वाहनांत आणले. प्रसार मात्र संथ होता. मालकाच्या दृष्टीने चालकाचा दंड स्वस्त आणि पंप महाग, असा तो सरळ हिशेब होता. हा हिशेब कोणी कागदावर मांडला नसेल, पण पुढची दोन-तीन दशके रस्त्यावर तोच चालत होता.

आणखी एक बाजू आहे. जून २०२३ मध्ये सासवड–नीरा मार्गावर एसटीची बस प्रथमच महिला चालकाने चालवली, म्हणजे पहिली बस धावल्यानंतर ७५ वर्षांनी. या विलंबाचे खापर स्टिअरिंगवर फोडणे चूक ठरेल. भरतीचे नियम, प्रशिक्षण, समाजाची नजर ही कारणे कितीतरी मोठी आहेत. परंतु 'हे बायकांचे काम नव्हे' या वाक्याला त्या जड चाकाने अनेक वर्षे एक सोयीचा पुरावा पुरवला होता, हे नाकारता येत नाही. पॉवर स्टिअरिंगने तो पुरावा काढून घेतला.

मोटारींकडे परत येऊ. १९८८ मध्ये जपानच्या सुझुकीने सर्व्हो या छोट्या मोटारीत विजेच्या मोटरवर चालणारे पॉवर स्टिअरिंग आणले. तेलाची गरजच संपवण्याची ती सुरुवात. भारतात नव्वदच्या दशकात मोटारींची बाजारपेठ खुली झाली तेव्हा पॉवर स्टिअरिंग आले ते बहुतांशी तेलाचे, आणि आले ते चढत्या भाजणीने. मारुती ८०० शेवटपर्यंत साध्या स्टिअरिंगवर राहिली. पण झेन, पुण्यात बनलेली टाटा इंडिका, महिंद्राची बोलेरो अशा गाड्यांच्या खालच्या आवृत्त्या साध्या आणि वरच्या आवृत्त्या पॉवरच्या असत. महिंद्राच्या काही गाड्यांच्या नावापुढे 'पीएस' ही दोन अक्षरे लावली जात, जणू ती पदवीच. सिडकोने आखलेल्या खारघरमध्ये पहिल्या इमारती उभ्या राहून कुटुंबे येऊ लागली ती याच वर्षांत. आवारातली ती झाकलेली गाडी म्हणजे त्या पिढीने बऱ्याचदा कर्ज काढून विकत घेतलेली 'वरची आवृत्ती' असते. तिचे स्टिअरिंग साधे करणे म्हणजे तिला एक पायरी खाली उतरवणे, असे मालकाला वाटते. यांत्रिक वस्तुस्थिती त्याहून अवघड आहे.

तेलाच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये हातचे चाक आणि रस्त्यावरची चाके यांच्यामध्ये एक पातळ पोलादी सळई असते. चाक फिरवले की ती काही अंश पिळली जाते. त्या पिळाबरोबर एक झडप उघडते आणि पंपाने दाबलेले तेल रॅकमधील दट्ट्याच्या एका बाजूस शिरून त्याला ढकलते. जितका पीळ तितका जोर. पंप बंद पडला तरी सळईमागची यांत्रिक जोडणी तुटत नाही, गाडी वळते. म्हणून तर 'काढून टाकू' हा विचार सुचतो. पण पंप गेल्यावर ती सळई आणि झडप तशीच राहतात. आता चाक फिरवले की आधी सळई पिळली जाणार, मग चाके वळणार. सरळ रस्त्यावर मधल्या जागी हाताला एक पोकळ, रबरी ढिलाई जाणवते, जी पद्मिनीच्या झिजलेल्या वर्मच्या 'प्ले'पेक्षा वेगळी असते. दट्ट्याही रॅकमध्येच असतो. त्याच्या दोन्ही बाजूंची तोंडे कोणी घाईत बुचे मारून बंद केली तर आतले तेल अडकते आणि चाक जवळपास अडून बसते. तेलाला एका बाजूकडून दुसरीकडे जायला वाट ठेवावीच लागते. ती ठेवली तरी प्रत्येक वळणावर चालकाला जुन्या तेलाचा अडथळा ढकलावा लागतो.

त्यात ती मघाची पाच-सहा सूत्रे. प्रमाण वेगवान, हातचे चाक लहान, टायर रुंद, कास्टर अधिक. प्रत्येक निवड पंपाच्या भरवशावर केलेली. पंप गेला, भरवसा गेला, निवडी मात्र जागच्या जागी. परिणामी जी गाडी उरते ती पद्मिनी नसते, आणि तिच्या मूळ रूपाचीही राहत नाही. अशी गाडी कोणत्याही कारखान्याने कधी बनवलेली नसते.

महामार्गावर ही उणीव फारशी जाणवत नाही, कारण चालती गाडी हलकी वळते. ती जाणवते ती वाहनतळात, उतारावरच्या वळणावर, अचानक चुकवाव्या लागणाऱ्या खड्ड्यापाशी. जाणवते तीही घरातल्या सर्वांना सारखी नाही. पंप काढण्याचा निर्णय घेणारा आणि सकाळी घाईत गाडी मागे घेणारा हे नेहमी एकच नसतात. आईला किंवा साठी ओलांडलेल्या वडिलांना त्या चाकाचा अर्थ वेगळा लागतो.

मग साध्या स्टिअरिंगकडे जाण्याचा प्रामाणिक मार्ग कोणता? ज्या मॉडेलची साधी आवृत्ती कारखान्यातून निघाली होती, तिचा पूर्ण रॅक बसवणे. त्यातले दातेच वेगळ्या प्रमाणाचे असतात, सळई-झडप नसते. त्यासोबत टाय-रॉडची टोके, स्तंभाची जोडणी आणि चाकाचा व्यास जुळतो का हे पाहावे लागते आणि शेवटी अलाइनमेंट त्या आवृत्तीच्या आकड्यांवर आणावे लागते. ज्या मॉडेलची साधी आवृत्ती कधी नव्हतीच, तिच्यासाठी इतिहासात मागे जायला जागाच नाही. तेथे रॅक दुरुस्त करणे हाच मार्ग. सळई झाळून पक्की करण्याचे प्रकार शर्यतीच्या गाड्यांत होतात. तेथे गाडी बंदिस्त मार्गावर धावते आणि प्रत्येक फेरीनंतर तपासली जाते. रस्त्यावरच्या गाडीत सुकाणूच्या मुख्य दुव्यावर अंदाजाने झाळकाम करणे हा निव्वळ अविचार आहे.

कायद्याचाही येथे संबंध येतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलांपासून वेगळे ठरतील असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कठोरपणे लावला. नोंदणीपत्रात स्टिअरिंगचा स्वतंत्र रकाना नसतो, त्यामुळे कारखान्याच्याच साध्या आवृत्तीचा रॅक आणि घरगुती तोडजोड यांत फरक करणे मालकाच्या विवेकावर आणि परिवहन कार्यालयाच्या निरीक्षकावर येऊन ठेपते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९८ मात्र स्पष्ट आहे : हातच्या चाकावरची ढिलाई ३० अंशांपेक्षा अधिक नसावी, बॉल जॉइंटांना रबरी टोप्या असाव्यात, जोडण्या पक्क्या असाव्यात. पंधरा वर्षांनंतर खासगी वाहनाची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घेताना ज्या तपासणीला सामोरे जावे लागते, तेथे तेलाच्या डागाइतकीच ही ढिलाईही पाहिली जाते.

ज्यांना गाडी पुढे ऐतिहासिक म्हणून जपायची आहे, त्यांच्यासाठी २०२१ चे व्हिंटेज वाहनांचे नियम महत्त्वाचे. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या, मोठे फेरबदल न केलेल्या मोटारींना त्यांत वेगळी नोंदणी आहे. नव्वदच्या दशकातील गाड्या त्या वयाला पोहोचायला २०४० चे दशक उजाडेल. तेव्हा एखादा अभ्यासक खारघरमधली एखादी एमएच ०६ गाडी उघडेल आणि तिच्या इंजिनाशेजारी पंपाचे रिकामे कान, कापलेले पाइप आणि बुच मारलेली तोंडे पाहील. तिच्या निर्मात्याने तिला काय दिले होते, हे त्याला त्या रिकाम्या भोकांवरून वाचावे लागेल. काढलेला पंप आणि पाइप कोणी फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवून दिले असतील, वर एक चिठ्ठी आणि तारीख असेल, तर त्याचे काम बरेच सोपे होईल.